कोटाची बटणं

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुला प्रोफायलर व्हायचंय, म्हणजे गुन्ह्याच्या खुणांवरून अनोळखी गुन्हेगाराचं वर्णन (प्रोफाइल) बांधणारी. चार पानांत ‘गुन्हेगाराचं मन वाचणं’ तीनदा आलंय आणि ‘प्रोफायलर’ सात वेळा. मोजले, कारण मोजायची खोड जुनी आहे. ‘पंचनामा’ हा शब्द एकदा जरी आला असता तरी मला जास्त बरं वाटलं असतं. रागावू नकोस. तुझ्या वयात मीही असाच पेटलो होतो, आणि मला पेटवलं होतं एका कोटानं.

गोष्ट न्यूयॉर्कची. १९४० पासून तिथं कुणीतरी बाँब ठेवत होतं. आधी एका वीज कंपनीच्या इमारतीत, मग स्टेशनांत, ग्रंथालयात, थिएटरच्या खुर्च्यांमध्ये. सोबत पत्रं, खाली सही ‘एफ. पी.’. युद्धाच्या वर्षांत त्यानं देशप्रेमापोटी म्हणून सुट्टी घेतली आणि नंतर पुन्हा सुरुवात केली. डिसेंबर १९५६ मध्ये थकलेले पोलीस जेम्स ब्रसेल नावाच्या मनोविकारतज्ज्ञाकडे गेले. त्यानं पत्रं पाहिली, फोटो पाहिले आणि त्या माणसाचं वर्णन सांगितलं. पोलीस निघताना तो म्हणाला, पकडाल तेव्हा अंगात डबल ब्रेस्टेड कोट असेल, बटणं लावलेला. पुढच्याच महिन्यात पोलीस जॉर्ज मेटेस्कीच्या दारात उभे राहिले. तो रात्रीच्या कपड्यांत होता. कपडे बदलायला आत गेला आणि बाहेर आला तो डबल ब्रेस्टेड कोटात, बटणं लावून.

आहे की नाही अंगावर काटा? मी हा किस्सा दहा वर्षं वर्गात सांगितला. मग एकदा मूळ कागद शोधत बसलो.

कोटाची भविष्यवाणी आपल्याला कळली ती ब्रसेलच्या १९६८ च्या आठवणींतून. त्या डिसेंबरात वृत्तपत्रात छापून आलेल्या वर्णनात कोटाचा पत्ताच नाही. त्यात आहे ते असं: एकटा, चाळीस ते पन्नासचा, अंतर्मुख, हातानं कुशल, नीटनेटका, टीका मनात धरून ठेवणारा, त्या वीज कंपनीचा आजी किंवा माजी कामगार. मेटेस्की ५३ वर्षांचा निघाला. कामगार असणार हे तर बाँब आणि पत्रं कंपनीच्याच नावानं येत होती म्हणून कुणालाही सुचलं असतं. आणि डबल ब्रेस्टेड कोट बटणं न लावता घालतं कोण?

त्याला शोधलं कुणी, तर कंपनीतल्या अ‍ॅलिस केली नावाच्या कारकून बाईंनी. एका वृत्तपत्रानं बाँबवाल्याला जाहीर आवाहन केलं होतं, आणि उत्तरात त्यानं आपलं गाऱ्हाणं मांडलं होतं. त्यातले ‘अन्याय’ आणि ‘कायमचं अपंगत्व’ हे शब्द बाईंना नुकसानभरपाईच्या जुन्या फायली चाळताना जसेच्या तसे सापडले. १९३१ साली कारखान्यात झालेला अपघात, नाकारलेला दावा, चिडलेली पत्रं. ब्रसेलचं श्रेय मी काढून घेत नाही. वर्णन छापा, तो चिडून बोलेल, असा आग्रह त्याचाच होता. पण तुला या क्षेत्रात कुणाची तसबीर लावायची असेल तर माझ्या मते ती केलीबाईंची लाव.

इथं तू म्हणशील, वर्णन बरंचसं जुळलं ना? मुद्दा तिथंच आहे. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी कुंडल्यांची चाचणी घेतली होती, आठवतं? शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० दिल्या आणि कुठली कुणाची ते सांगा म्हटलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. याच ज्योतिष्यांकडे लोक रांगा लावतात आणि ‘अगदी माझंच सांगितलं’ म्हणत बाहेर पडतात. प्रोफाइलचंही तसंच होतं. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एक खरं प्रोफाइल पोलिसांना दाखवलं. अर्ध्यांना खऱ्या गुन्हेगाराची माहिती दिली, अर्ध्यांना मनानं रचलेल्या निराळ्याच माणसाची. दोन्ही गटांतल्या बहुतेकांना प्रोफाइल जुळतंय असं वाटलं. ‘वरून शांत, आतून धुमसणारा’ या वर्णनात तू बसतेस, मी बसतो आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तर फारच बसतात. म्हणून कुठलंही प्रोफाइल हातात आलं की आधी विचार: यातलं कुठलं वाक्य चुकीचं ठरू शकतं? ठरूच शकत नसेल तर ते वाक्य खोडून टाक.

अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेचं ‘संघटित’ (आखून करणारा) आणि ‘विस्कळीत’ (भरात करणारा) गुन्हेगार हे वर्गीकरण तुझ्या पत्रात मोठ्या श्रद्धेनं आलंय. तुरुंगातल्या ३६ जणांच्या मुलाखतींवर ते उभं आहे. या लोकांना बोलायला वेळही भरपूर होता आणि फुशारकी मारायला श्रोतेही. २००४ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी शंभर खुनांची माहिती तपासली. असे दोन स्वच्छ ढीग पडेनात. नियोजनाच्या खुणा बहुतेक सगळीकडे होत्या, विस्कळीतपणा ज्याचा त्याचा निराळा.

याच कँटरनं १९८६ मध्ये लंडनच्या पोलिसांना मदत केली होती. रेल्वेमार्गांच्या आसपास बलात्कार आणि खून करणारा माणूस, आणि संशयितांची यादी १,९९९ नावांची. जॉन डफीचं नाव त्यात १,५०५ वं होतं. कँटरनं गुन्ह्यांच्या जागा नकाशावर मांडल्या, सुरुवातीचे कुठले आणि नंतरचे कुठले ते पाहिलं, आणि तो कुठं राहत असेल, रेल्वेची माहिती त्याला कशी असेल, अशी तपासता येण्याजोगी विधानं दिली. डफी यादीत वर आला आणि पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली. प्रोफाइलचा मला पटलेला उपयोग एवढाच: दोन हजार दारं ठोठवायची असतील तर आधी कुठली ठोठवायची.

नकाशाच्या पद्धतीचेही पाय मातीचेच आहेत, तेही ऐक. १९९३ च्या अभ्यासात ४५ बलात्काऱ्यांपैकी ८७ टक्के जण आपल्या घराभोवतीच गुन्हे करणारे निघाले. पण ती माणसं ब्रिटनमधली होती, घर असलेली. १९६८ च्या मुंबईत रमण राघवनं झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्यांची डोकी फोडली. त्याला घरच नव्हतं. कंपासचं टोक टेकवणार कुठं? त्याला ऑगस्टमध्ये एका उपनिरीक्षकानं रस्त्यात ओळखलं, वर्णन आणि जुना फोटो डोक्यात होता म्हणून. तो रेकॉर्डवरचा माणूस होता, आधीच्या हल्ल्यांच्या वेळी पोलिसांनी उचलून पुराव्याअभावी सोडूनही दिला होता. फाशीची शिक्षा झाली. मग उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून तीन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला अनेक बैठकांत तपासलं, त्याचा स्किझोफ्रेनिया बरा न होणारा ठरवला, आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. खटल्याच्या वेळच्या वैद्यकीय अहवालात तोच माणूस शहाणा होता, हे विसरू नकोस. आजार असणं आणि कायद्याच्या भाषेत कृत्याचं स्वरूप न कळणं, या दोन गोष्टींमधली दरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये अजून तशीच आहे. जुन्या दंडसंहितेत हे कलम ८४ होतं. तुझं अर्धं करिअर त्या दरीत जाईल.

आणि ज्या दिवशी प्रोफाइललाच पुरावा समजलं जातं, तो दिवस वाईट. १९९२ मध्ये लंडनच्या विंबल्डन कॉमनवर एका तरुण आईचा तिच्या लहानग्या मुलासमोर खून झाला. प्रोफाइल बनलं, एक एकलकोंडा तरुण त्यात बसला. पुरावा नव्हता, म्हणून एका महिला पोलिसाला खोट्या नावानं त्याच्याशी मैत्री करायला लावलं. ती लैंगिक कल्पना लिहून पाठवणार आणि तो प्रोफाइलसारखा वागतो का ते मानसशास्त्रज्ञ पाहणार. तरीही त्यानं खून कबूल केला नाही. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा बाहेर फेकला. खरा खुनी रॉबर्ट नॅपर २००८ मध्ये डीएनएवरून सिद्ध झाला. मधल्या काळात, १९९३ च्या नोव्हेंबरात, त्यानं आणखी एका आईला आणि तिच्या मुलीला मारलं होतं. हा खटला पूर्ण वाच. कंटाळा आला तरी वाच.

आपण हसायचं कारण नाही. २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेऊन खुनाची शिक्षा झाली होती. जगभर त्याची चर्चा झाली, फार कौतुकाची नव्हे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात नार्को, लाय डिटेक्टर आणि ही मेंदूची चाचणी संमतीशिवाय करायला बंदी घातली.

आता कारणांकडे वळू. माणूस गुन्हा का करतो? लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरनं १८७६ च्या पुस्तकात जन्मजात गुन्हेगार कवटीवरून ओळखायचा घाट घातला, हे तुमच्या पाठ्यपुस्तकात असेल. आपल्याकडे इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला १८७१ मध्ये, म्हणजे शास्त्राची वाटसुद्धा पाहिली नाही. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा, जन्मालाच प्रोफाइल. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, हजेरी होती. ‘सेटलमेंट’ हा शब्द तिथल्या पत्त्यांत अजून सापडतो. कायदा १९५२ मध्ये गेला. चोरी झाली की आधी कुठल्या पालावर जायचं ही सवय किती गेली, ते कुठल्याही पारधी आईला विचार.

मला स्वतःला जास्त उपयोगी पडलं ते साईक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांचं १९५७ चं छोटं लिखाण. मुलं गुन्हा करण्याआधी मनाची समजूत कशी घालतात, याचे पाच प्रकार त्यांनी सांगितले. पाचही मी मराठीत ऐकलेत. ‘माझा काय दोष, दारूत होतो.’ ‘त्याचं काय जातंय, बंगलेवाला आहे.’ ‘तो त्याच लायकीचा होता.’ ‘पोलीस काय धुतल्या तांदळाचे आहेत?’ ‘दोस्तीखातर केलं, सर.’ ही वाक्यं वहीत टिपून ठेव. माणूस कुठल्या वाक्याला चिकटलाय ते कळलं की त्याच्याशी बोलायला वाट मिळते. बालपणाच्या जखमा खणून दर वेळी मिळत नाही. (हीच पाच वाक्यं मी मालमत्ता कराच्या चर्चेत सभ्य माणसांकडूनही ऐकलीत.)

मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिटचं १९९३ चं वर्गीकरणही शिक. काही मुलं लहानपणापासून आडवी जातात आणि पुढंही जातच राहतात, ती थोडी. बरीचशी फक्त पौगंडात वाहवतात आणि मग कामाला लागतात. निरीक्षणगृहात समोर बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा यातला कुठला, हे त्या दिवशी कपाळावर लिहिलेलं नसतं. मी मात्र लिहून मोकळा झालो होतो. सव्वीस वर्षांचा होतो. मुलगा जमिनीकडे बघायचा, प्रश्न दोनदा विचारावा लागायचा, उत्तर एका शब्दात. मी अहवालात लिहिलं: भावनिक बोथटपणा, पश्चात्तापाचा अभाव. तीन महिन्यांनी तिथल्या स्वयंपाकीण मावशी सहज म्हणाल्या, ‘सर, त्याच्या उजव्या बाजूला बसून बोला. डावा कान फुटलाय त्याचा, सारखा वाहतो.’ अहवाल तोवर न्यायालयात गेला होता. मी दुरुस्तीचं पत्र दिलं. ते फाइलला लागलं की नाही, मला कधी कळलं नाही.

आणखी एक. शाळकरी असताना मी पुण्यात होतो, १९७६-७७ साली, जोशी-अभ्यंकर खुनांच्या वर्षात. सातच्या आत आमच्या वाड्याचं दार बंद व्हायचं आणि आत प्रत्येक जण प्रोफायलर व्हायचा. आजोबांच्या मते दरोडेखोरांची टोळी, शेजारच्या काकूंच्या मते कुणी वेडा. चित्रकला शिकणारी कॉलेजची पोरं कुणाच्याच यादीत नव्हती. दहा खून. १९८३ मध्ये चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्यांच्यातल्या एकेकट्याचं मन वाचून मला ते खून कधीच उलगडले नाहीत. ती चार मुलं एकत्र आल्यावर काय होत होतं, हा प्रश्न जास्त कामाचा वाटतो.

तर तुला काय करायचंय? न्यायवैद्यक मानसशास्त्राच्या कोर्सला अर्ज कर, हरकत नाही. पण त्याआधी महिनाभर सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बस. उलटतपासणी ऐक, तुझा अहवाल एक दिवस तिथंच सोलला जाणार आहे. एखाद्या निवृत्त हवालदाराला गाठ आणि सराईत गुन्हेगाराची ‘एमओ’, म्हणजे गुन्हा करण्याची ठरलेली पद्धत, काय असते ते त्याच्या तोंडून ऐक. तो तुला कुलूप तोडण्याच्या पाच पद्धती आणि त्या वापरणाऱ्यांची नावं सांगेल. थोडंसं सांख्यिकी शिक. थोडंसं म्हणजे मी शिकलो त्याच्या दुप्पट.

आणि एक गृहपाठ. पेपरात आलेला, आरोपी न सापडलेला एखादा गुन्हा निवड. आरोपीबद्दल पाच विधानं लिही: वय, राहण्याची जागा, मयताशी ओळख होती की नव्हती, अशी पडताळता येतील अशीच. ‘आतून धुमसणारा’ चालणार नाही. तारीख घाल, पाकिटात बंद कर. आरोपपत्र दाखल झालं की उघड आणि मार्क दे. अशी दहा पाकिटं झाली की घेऊन ये, मग आपण बोलू.

पाकिटाच्या तोंडावर आडवी सही मात्र कर. पाकीट वाफेवर उघडून विधान बदलून पुन्हा चिकटवता येतं. मी दोनदा केलंय.

तुझा,
सर