आरोग्य विमा सक्तीचा करावा का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : चोपडा तालुक्यात माझे कृषी केंद्र आहे. घरातील चौघांसाठी मी दरवर्षी आरोग्य विम्याचा हप्ता भरतो आणि आजवर एकदाही क्लेम करण्याची वेळ आलेली नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांची बायपास झाली. ऐपत असूनही त्यांनी कधी विमा घेतला नव्हता आणि डॉक्टरांनी बजावूनही तंबाखू सोडली नव्हती. शेवटी भाऊबंदांनी वर्गणी काढली, तीत मीही पैसे घातले, आणि तरीही त्यांना केळीचा मळा गहाण ठेवावा लागला. पुण्यात नोकरी करणारा माझा मुलगा म्हणतो की अमेरिकेने केली होती तशी विम्याची सक्ती आपल्याकडेही व्हावी. मला वाटते, ज्याने त्याने आपापले पाहावे. सक्ती झाली तर अशा माणसांचा भार माझ्याच हप्त्यावर येईल. आपले मत काय?

उत्तर : आपली नाराजी रास्त आहे. मात्र ‘ज्याने त्याने आपापले पाहावे’ असे म्हणणाऱ्या आपणच वर्गणीत पैसे घातले आहेत, आणि ते घातले नसते तर आपल्याला झोप लागली नसती, असे मला आपल्या पत्रावरून वाटते. माणूस दारात पडलेला असताना त्याने हप्ता भरला होता का, हे विचारत बसणारा समाज आपला नाही आणि तसा तो होऊ नये. पण एकदा हे मान्य केले की विमा न घेणाऱ्याचा खर्च कोणीतरी उचलणारच, हेही मान्य करावे लागते. सक्तीच्या बाजूचा खरा युक्तिवाद इथून सुरू होतो.

अमेरिकेतही तो तसाच सुरू झाला. तेथील १९८६ च्या एका कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. न भरलेली बिले मग इतर रुग्णांच्या आणि करदात्यांच्या माथी पडत. मॅसॅच्युसेट्स राज्याचे तत्कालीन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी २००६ मध्ये विमा सक्तीचा करणाऱ्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्यांनी वैयक्तिक जबाबदारीचाच दाखला दिला होता : ज्याला परवडते त्याने आपला खर्च दुसऱ्यावर ढकलू नये. ओबामा यांच्या काळातील २०१० च्या कायद्याने ही सक्ती देशभर नेली आणि २०१४ पासून ती लागू झाली. विरोधकांनीही जबाबदारीचीच भाषा वापरली; सज्ञान नागरिकाने काय विकत घ्यावे हे सरकारने ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला. एखादी वस्तू विकत घेण्याचा हुकूम सरकार व्यापारविषयक अधिकारात देऊ शकत नाही, पण ती न घेणाऱ्यावर कर लावू शकते, असा त्याचा आशय होता. २०१६ मध्ये हा दंड प्रौढ व्यक्तीमागे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांपैकी जास्त असेल तितका होता. २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तो २०१९ पासून शून्यावर आणला.

सक्ती लागतेच कशाला, हेही पाहू. आजाऱ्याला नाकारायचे नाही आणि त्याच्याकडून जास्त पैसेही घ्यायचे नाहीत, असा नियम विमा कंपनीवर घातला, तर निरोगी माणूस आजारी पडेपर्यंत थांबतो. मग विम्यात आजारीच उरतात, हप्ता वाढतो, आणि वाढलेला हप्ता पाहून उरलेसुरले निरोगीही बाहेर पडतात. आपल्याकडे कंपन्यांनी यावर वेगळा उपाय केला आहे, तो म्हणजे प्रतीक्षा कालावधी; विमा घेतल्यावर इतका काळ त्या आजाराचा खर्च मिळत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी तो ४८ महिन्यांपर्यंत असे; विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये तो कमाल ३६ महिन्यांवर आणला. म्हणजे सक्ती नाही त्याची किंमत मधुमेहाचा रुग्ण तीन वर्षे वाट पाहून मोजतो.

आता तंबाखूविषयी. अमेरिकेच्या त्या कायद्याने आजारावरून हप्ता वाढवण्यास मनाई केली, पण तंबाखू वापरणाऱ्याकडून ५० टक्क्यांपर्यंत जादा हप्ता घेण्यास मुभा ठेवली. थोडाफार जादा हप्ता मलाही मान्य आहे. पण त्यापुढे जाऊन ‘ज्याची चूक त्याने भोगावी’ हे तत्त्व विम्याला लावायचे ठरवले, तर ते आपल्याच भागात कसे टिकेल याचा विचार करा. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, वर्षानुवर्षे कापसाची धूळ छातीत घेणाऱ्या मजुराचा दमा कोणाची चूक? नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबात जन्मतःच सिकलसेल हा रक्ताचा आजार घेऊन आलेल्या मुलीची जबाबदारी कोणती? तंबाखू खाणाऱ्याला वगळण्यासाठी ओढलेली रेघ या दोघांच्याही अंगावरून जाईल, कारण ती कागदावर ओढणाऱ्याला फक्त खर्चाचा आकडा दिसतो.

तरीही मी आपल्या चिरंजीवांशी पूर्ण सहमत नाही, आणि त्याचे कारण खान्देशातील कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. सक्तीचा विमा आपण पाहिला आहे. २०२० च्या खरिपाच्या आधीपर्यंत पीककर्ज घेणाऱ्याला पीकविमा बंधनकारक होता. कर्ज मंजूर झाले की हप्ता खात्यातून परस्पर कापला जाई, आणि अनेकांना तो कापला गेल्याचे पासबुक भरून घेतल्यावरच कळे. केळीच्या हवामान आधारित विम्यात तर भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. रावेर-यावलच्या बागेत उन्हाने घड होरपळले, तरी केंद्रावर ठरलेले तापमान सलग ठरलेले दिवस नोंदले गेले नसेल, तर शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. वसुली सोपी असते आणि भरपाईसाठी भांडावे लागते, हा आपला अनुभव आहे.

आरोग्य विम्यातही हेच घडते. पॉलिसी तीन लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोजचे ३,००० रुपये, असे समजा. जनरल वॉर्डात जागा नाही म्हणून रुग्णाला ५,००० रुपयांच्या खोलीत ठेवले, तर कंपनी वरचे २,००० कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्चही ती त्याच प्रमाणात, म्हणजे शंभराला साठ या हिशेबाने देऊ शकते. हे कलम पॉलिसीत लिहिलेले असते, पण भरतीच्या रात्री काउंटरवर डिपॉझिटसाठी उभ्या असलेल्या मुलाला ते कोणी वाचून दाखवत नाही. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएची, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेची, मंजुरी येईपर्यंत तो संध्याकाळपर्यंत फाइल घेऊन बसतो, आणि मंजुरी येते ती कापलेल्या रकमेची. अशा व्यवहारात लोकांना कायद्याने ढकलणे मला पटत नाही. हे नियम आधी सुधारले पाहिजेत. आणखी एक गोष्ट नमूद करतो : स्वतःहून विमा घेणाऱ्याच्या हप्त्यावर आपल्याकडे १८ टक्के जीएसटी होता, वैयक्तिक पॉलिसींवरून तो २२ सप्टेंबर २०२५ पासून हटवला गेला. हे फार पूर्वी व्हायला हवे होते.

सक्ती करायचीच असेल तर तिचे रूप उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी असे असावे. ते आपल्याला नवे नाही. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने सुरू झालेल्या योजनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. हजार रुपये पगारामागे कामगाराचे साडेसात रुपये जातात, आणि त्याला कोणता आजार आहे हे विचारले जात नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये, हीच पद्धत कायद्याने सुरू झाली आणि ती आजही टिकून आहे. खेद एवढाच की त्याच १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्यांत कापसाचे जिनिंग नावानिशी आले. ज्या मजुराची छाती कापसाने भरते तोच सक्तीच्या संरक्षणाबाहेर राहिला, हा मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. धडगाव-अक्कलकुव्याहून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाकडून तर हप्ता मागूच नये. त्याचा हप्ता शासनाने भरावा आणि त्याआधी डोंगरातून उतरण्याआधी गाठता येईल असे रुग्णालय उभे करावे. कार्ड हातात असून रुग्णालय कित्येक तासांवर असेल, तर विमा कागदावरच राहतो.

शेवटी आपल्या परिचितांविषयी. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपल्या खान्देशातील धुळे जिल्हा होता. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. बायपास तीत समाविष्ट आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आता शिधापत्रिकेच्या रंगावर अवलंबून राहिलेले नाही. भरती होण्यापूर्वी योजनेतील रुग्णालय निवडून तेथे योजनेसाठी नेमलेल्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, कोणी भेटले असते, तर कदाचित वर्गणीही लागली नसती आणि मळाही गहाण पडला नसता. आपल्या कृषी केंद्रात दिवसभर माणसांची ये-जा असते. बियाण्यांच्या दरपत्रकाशेजारी या योजनेची माहिती आणि योजनेतील जवळच्या रुग्णालयांची नावे लावावीत, अशी विनंती आहे.

प्रश्न : मी शहादा येथील निवृत्त शिक्षक असून माझे वय ७३ आहे. निवृत्तिवेतन मिळते, स्वतःची पॉलिसीही आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांना मिळणारे आयुष्मान कार्ड काढावे असे मुले म्हणतात. ऐपत असताना शासनाकडून घेणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे काय?

उत्तर : नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सोय सुरू करताना उत्पन्नाची अट मुद्दाम ठेवलेली नाही, कारण या वयात चांगली ऐपत असलेल्यालाही कंपन्या विमा देताना हात आखडता घेतात किंवा न परवडणारा हप्ता सांगतात. आपण सेवाकाळात कर भरला आहे, आजही भरत आहात. त्यातूनच ही व्यवस्था चालते. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. आधारकार्ड पुरते, प्रतीक्षा कालावधी नाही आणि आधीचे आजारही ग्राह्य धरले जातात. वर्षाला पाच लाखांची मर्यादा घरातील सत्तरीपुढच्या सर्वांची मिळून असते, म्हणजे आपल्या पत्नीही सत्तरीच्या पुढे असतील तर ती दोघांत वाटली जाईल. त्यामुळे कार्ड मिळाले म्हणून चालू पॉलिसी बंद करू नका. ती एकदा खंडित झाली की या वयात नव्याने घेताना प्रतीक्षा कालावधी पुन्हा पहिल्यापासून मोजला जाईल. शिवाय ज्या रुग्णालयावर आपला विश्वास आहे, ते योजनेत आहे का आणि आपल्याला लागणारा उपचार तेथे योजनेखाली होतो का, हे कार्ड काढल्यावर लगेच विचारून ठेवा.