इतिवृत्तातली आजी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवस टेबलावर पडून होतं. पर्यावरणाचं राजकारण शिकवायला घेतलं की टी.वाय.ची मुलं खाली माना घालतात, निराश झालीत, त्यांना उमेद कशी देऊ, असं तू विचारतेस.

उमेदीचं नंतर बघू. आधी ती गप्प का आहेत ते बघ. तुझ्या वर्गात कुणाचा बाप प्रकल्पाच्या कामावर डंपर चालवतो, आणि पलीकडच्या बाकावरच्या मुलीचं घर आईनं खाडीतून काढलेल्या मुळ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर, चालतं. संध्याकाळी दोघांना एकाच एस.टी.नं वाडीवर जायचंय. ती निराश नाहीत गं, सावध आहेत. हे कळायला मला बारा वर्षं लागली.

तोवर मी दर तासाला पाढा वाचायची. खाडीत मेलेले मासे, सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, चिरेखाणी, महामार्गासाठी तोडलेले वड. एकदा एकीनं अगदी सरळपणे विचारलं, "म्हणजे मॅडम, आम्ही मुंबईलाच जायचं ना?" मी खडू खाली ठेवला. इथून निघून जा, हे कोकणातल्या पोरांना घरात दिवसातून दोनदा ऐकायला मिळतं. त्यासाठी प्राध्यापक कशाला हवा?

मग मी वर्गात कागद न्यायला लागले. तूही ने. २००६ची ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची, अधिसूचना काढ आणि प्रकल्पाआधी लोकांचं म्हणणं ऐकायच्या जनसुनावणीचं परिशिष्ट वाचायला दे. निदान ३० दिवस आधी जाहीर सूचना, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी, गणपूर्तीची अट नाही, सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण, आणि शेवटी लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा तिथल्या तिथे स्थानिक भाषेत समजावून वाचायचा. मुलांना कायदा म्हणजे दिल्लीतलं काहीतरी वाटतं. तो आपल्या तालुक्यात, मांडवाखाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतो हे दिसलं की माना वर होतात.

एका वर्षी मी शेजारच्याच गावातल्या जुन्या सुनावणीचं इतिवृत्त झेरॉक्स करून वाटलं. शेवटच्या बाकावर एक मुलगा होता, वर्षभर हजेरीपलीकडे तोंड न उघडलेला. तो एकदम म्हणाला, "ही आमची आजी." नाव, गाव, आणि पुढे एकच ओळ: पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी कुठून जाणार? शेजारच्या रकान्यात कंपनीचं उत्तर, 'योग्य ती काळजी घेतली जाईल.' त्यानं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा नाही. "ह्यात उत्तर कुठाय?" त्याचा बाप प्रकल्पाच्या बाजूचा, आणि तो स्वतःही बहुधा होता. पण आजीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, एवढ्यावर सगळा वर्ग एकत्र आला. पुढची चाळीस मिनिटं मला बोलावंच लागलं नाही.

मात्र खोटी आशा नको. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. लोकांचं म्हणणं नोंदवून तज्ज्ञ समितीपुढे जातं, मंजुरी कुणी वेगळाच देतो. हेही त्याच तासाला सांग.

विजयाच्या गोष्टी सांगतानाही तसंच. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१९ला रद्द झाली, हे सांगून थांबू नकोस. २०२३च्या एप्रिलमध्ये त्याच प्रकल्पासाठी बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला पोलीस बंदोबस्त होता, तेही त्याच दमात सांग. एन्रॉनचा वीजप्रकल्प २००१मध्ये बंद पडला, पण तो गुहागरकरांच्या मोर्चांपेक्षा विजेच्या दराच्या भांडणानं. आणि स्टरलाइट. रत्नागिरीकरांनी १९९३मध्ये तांब्याचा कारखाना थांबवला, तो तमिळनाडूत तूतुकुडीला गेला, आणि २०१८च्या मे महिन्यात तिथे आंदोलकांवरच्या पोलीस गोळीबारात १३ माणसं गेली. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वर्ग सुन्न होईल असं वाटलं होतं. उलट एकानं विचारलं, "मग आपण जिंकलो की नुसता ढकलला?" तीस वर्षांत मला वर्गात मिळालेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. तोच पुढे परीक्षेत घातला, दहा गुणांना.

वेळासच्या कासवांना भेट देऊ नये असं नाही. २००२पासून तिथे घरटी जपतात, पिल्लं समुद्राकडे जाताना बघून मुलं खूश होतात. फक्त येताना गाडीत विचार: अंडी विकणं सोडलं तेव्हा लोकांना दुसरं काय मिळालं? घरगुती राहण्याजेवणाच्या सोयीतून पैसा कुणाच्या घरात आला, कुणाच्या नाही? तिथून राजकारण सुरू होतं.

आणखी एक. मुलांना मोर्च्याला नेऊ नकोस, निवेदनावर सह्या मागू नकोस. अंतर्गत गुण तुझ्या हातात असताना त्यांची सही मोकळी नसते. सुनावणीचं नाटक मात्र जरूर बसव, आणि डंपरवाल्याच्या मुलाला मुळेवालीची बाजू दे, तिच्या मुलीला डंपरवाल्याची. मीच एका वर्षी उलट केलं होतं, ज्याला त्याला घरचीच बाजू दिली. भांडण वाडीपर्यंत गेलं, मला दोन घरी जाऊन चहा प्यावा लागला.

तू अजून तासिका तत्त्वावर आहेस, हे विसरू नकोस. चालू प्रकल्प पहिल्याच वर्षी वर्गात आणू नकोस, दहा वर्षं जुना घे. इतिवृत्तावर लोकांचे फोन नंबर असले तर आधी काळे कर. आणि झेरॉक्स पाठपोट काढ, पैसे कुणी देत नाही.

तुझी,
मॅडम