माझदा सीएक्स-५ टर्बोत रेग्युलर ८७ भरावं की प्रीमियम ९३?

पुण्याहून न्यू जर्सीला येऊन थोडेच दिवस झालेत, सेकंडहँड सीएक्स-५ टर्बो घेतलीत, आणि विकणाऱ्याने 'टर्बो आहे, प्रीमियमच घाला, नाहीतर इंजिन जाईल' असं बजावलं, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय पुण्यात साधं पेट्रोलसुद्धा ९१ ऑक्टेनचं मिळायचं, मग इथलं ८७ हलक्या प्रतीचं आहे का, ही तुमची शंका.

माझं उत्तर आधीच सांगतो: या गाडीत रोज रेग्युलर भरा. पंपावरचा माणूस खिडकीशी आला (न्यू जर्सीत स्वतः गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला कायद्याने बंदी आहे) की 'रेग्युलर' म्हणा आणि निश्चिंत राहा. इंजिनाला काही होत नाही.

आधी ९१ आणि ८७चा घोळ मिटवू, कारण भारतातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो पडतो. भारतात जो आकडा सांगतात तो 'रॉन', म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर (ऑक्टेन म्हणजे काय ते पुढे येतंच). दुसरी एक चाचणी असते, 'मॉन'. त्यात इंजिन जास्त वेगाने फिरवतात आणि आत जाणारं मिश्रण बरंच तापवतात, त्यामुळे तोच गॅस तिथे आठ-दहा अंकांनी कमी भरतो. अमेरिकेत या दोन्हींची सरासरी पंपावर लावतात. पंपावरचा पिवळा चौकोनी स्टिकर नीट बघा, आकड्याजवळ बारीक अक्षरात 'आर अधिक एम, भागिले दोन' असं सूत्रच छापलेलं असतं. या हिशेबाने इथलं ८७ म्हणजे साधारण ९१-९२ रॉन, आणि इथलं ९३ म्हणजे ९७-९८ रॉन. म्हणजे पुण्यात भरत होतात त्याच्या तोडीचंच पेट्रोल इथे 'रेग्युलर' म्हणून मिळतं.

आता विकणाऱ्याच्या बोलण्यात तथ्य कुठे आहे ते बघू, कारण ते अगदीच निराधार नाही. स्पार्क पडला की ज्वाळा प्लगपासून कडेकडे सरकत जाते. तेवढ्या वेळात कडेला उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतकं तापतं की ज्वाळा पोचायच्या आत ते आपणहून एकदम भडकतं. चढावर जुनी गाडी दामटली की बॉनेटखालून जो टणटण आवाज यायचा, तो हाच. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. ते सतत होत राहिलं तर पिस्टनची खरोखर वाट लागते. ऑक्टेन म्हणजे हे असं आपणहून भडकणं पेट्रोल किती रोखून धरतं त्याचं माप. त्या आकड्याचा ताकदीशी थेट संबंध नाही. ९३च्या गॅलनमध्ये ८७पेक्षा जास्त ऊर्जा भरलेली नसते. टर्बो हवा दाबून, म्हणजेच तापवून आत ढकलतो, त्यामुळे नॉकिंगचा धोका वाढतो, इतपत विकणाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे.

पण इंजिन बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं थोडंच! माझदाच्या टर्बो नसलेल्या २.५ लिटर इंजिनात कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, १३:१ आहे, टर्बोवाल्यात तो १०.५:१वर आणलाय. जळलेल्या धुराचा काही भाग थंड करून परत सिलिंडरमध्ये सोडायची सोय आहे, त्याने आतलं तापमान खाली राहतं. आणि हे सगळं करूनही नॉकिंग सुरू झालंच, तर इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला सेन्सर ती थरथर टिपतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, लगेच स्पार्क थोडा उशिरा पाडतो, गरज पडली तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाबही कमी करतो. तुमच्या कानाला काही ऐकू यायच्या आत हे होऊन जातं. नुकसान इंजिनाचं होत नाही, होतं ते थोड्या ताकदीचं.

ते थोडं म्हणजे किती, हे माझदाने स्वतःच जाहीर केलंय: ८७वर २२७ हॉर्सपॉवर, ९३वर २५० (नंतरच्या मॉडेलमध्ये २५६). आकडे बघून मन चळतं, मान्य. पण हा फरक पाच हजार आरपीएमच्या आसपासचा आहे. सिग्नलवरून निघताना, रूट १च्या गर्दीत किंवा पार्कवेवर सत्तर मैलांच्या वेगाने जाताना इंजिन तिथवर जातच नाही. तिथे कामाला येतो तो खालच्या आरपीएमचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, आणि तो ८७वरही ३१० पाउंड-फूट आहे. माझ्याकडे हेच इंजिन असलेली सीएक्स-९ आहे. रॅम्पवरून हायवेला लागताना पाय पूर्ण दाबला तर प्रीमियमवर ती जरा मोकळी धावते. एरवी टाकीत काय आहे ते मला ओळखता येत नाही.

मग पैशाचं गणित. समजा रेग्युलर ३.२० डॉलर आणि प्रीमियम ४ डॉलर, वर्षाला १२ हजार मैल, आणि तुमच्या गाडीचं सरासरी २४ मैल प्रति गॅलन. म्हणजे ५०० गॅलन, १६०० डॉलर. ट्रिपल ए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संस्थेने २०१७ साली प्रीमियमची शिफारस असलेल्या, पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या. प्रीमियमवर मायलेज सरासरी २.७ टक्के सुधारलं. ते तुमच्याही गाडीत मिळालं असं धरलं तरी प्रीमियमचं बिल १९४८ डॉलरच्या आसपास जातं. वर्षाला साडेतीनशे डॉलर जास्त! नव्याने संसार मांडणाऱ्याला ही रक्कम लहान नाही, आणि म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय. त्याच संस्थेने २०१६ साली काढलेला अंदाज असा की ज्या गाड्यांना रेग्युलर पुरतं त्यांत प्रीमियम भरून अमेरिकन लोकांनी वर्षात २१० कोटी डॉलर वाया घालवले.

मी प्रीमियम भरतो ते जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात घरची सगळी मंडळी, सामान आणि छतावरची पेटी घेऊन पोकोनोजच्या डोंगरात निघालो तर. भार, चढ आणि गरम हवा एकत्र आली की ईसीयूला जास्त माघार घ्यावी लागते, तिथे त्या जादा पैशांचं काहीतरी मिळतं. टाकीत अर्धं रेग्युलर असताना वरून प्रीमियम भरलं तरी चालतं, मधला आकडा होतो. कोलोरॅडोसारख्या उंच भागात गेलात तर मात्र तिथलं ८५चं 'रेग्युलर' टर्बोत भरू नका. उंचावरच्या विरळ हवेत साध्या इंजिनाला कमी ऑक्टेन चालून जातं, पण विरळ हवेची भरपाई टर्बो स्वतःच करतो, त्यामुळे ही सवलत त्याला लागू होत नाही.

हे सगळं तुमच्या गाडीपुरतं. होंडा सीआर-व्हीचं १.५ टर्बो आणि सुबारू असेंटही रेग्युलरवर चालतात. मर्सिडीजला प्रीमियम सक्तीचं आहे, तिथे काटकसर करू नये. कुठलीही गाडी घेताना मॅन्युअल किंवा इंधनाच्या झाकणाची आतली बाजू वाचावी, विकणाऱ्याच्या तोंडी सल्ल्यावर जाऊ नये.

वाचलेल्या पैशातून दोन गोष्टी करा. 'टॉप टियर' लिहिलेल्या पंपावर भरा. त्यात सफाईची रसायनं सरकारी किमान प्रमाणापेक्षा जास्त असतात, आणि कॉस्टकोचं स्वस्त रेग्युलरही त्यात बसतं. दुसरी गोष्ट ऑइलची. कमी आरपीएमवर जोरात दाबलं की टर्बो डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनात कधीकधी ऑइलच्या थेंबामुळे स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं. त्यावर ९३चा उपयोग नाही, योग्य ऑइलचा आहे. गाडी सेकंडहँड आहे, तेव्हा आधीच्या मालकाने काय घातलंय यावर विसंबू नका. पहिल्याच सर्व्हिसला ५डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड) ऑइल घालायला सांगा आणि डब्यावर 'एपीआय एसपी' हे दर्जाचं मानक लिहिलेलं आहे ना, ते स्वतः बघून घ्या.