कॅसेट, मोडेम आणि नवा टीव्ही: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: माळ्यावर घरगुती समारंभांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट सापडल्या. व्हीसीआर अजून चालतो. टीव्हीवर कॅसेट लावून समोरून मोबाइलने रेकॉर्ड केलं तर चालेल का?

नको. पडदा आणि मोबाइलचा कॅमेरा यांचा वेग जुळत नाही, त्यामुळे चित्रावर सरकते पट्टे येतात आणि आवाजात खोलीचा घुमारा मिसळतो. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने मुळातच जेमतेम २४० रेषांइतका तपशील असतो. त्यातलं आणखी काही गमावणं परवडणारं नाही. सिग्नल वायरनेच घ्या.

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी तिच्या खिडकीतून गुंडाळीची कड उजेडात पाहा. पांढरट ठिपके किंवा पावडर दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट बाजूला ठेवा. ती एकदा फिरवली की बुरशी हेडवर, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तिची सफाई जाणकाराकडूनच करून घ्यावी. बाकीच्या कॅसेट दिवसभर खोलीच्या तापमानात राहू द्या. कण्यावरचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा अजून शाबूत असेल तर तो मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग टेप शेवटपर्यंत पुढे पळवून पुन्हा मागे घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचा ताण त्याने सारखा होतो.

चित्रात बर्फासारखे ठिपके भरून आले की बहुतेक वेळा हेड मळलेलं असतं. व्हीसीआरचा प्लग काढा आणि झाकण उघडा. शॅमॉय चामड्याची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला हलकेच टेकवा. काडी स्थिर धरायची आणि ड्रम वरून बोटाने सावकाश फिरवायचा. काडी वर-खाली घासू नका. हेडची टोकं अतिशय नाजूक असतात, तेवढ्यानेही ती तुटतात. कानात घालायच्या कापसाच्या काड्या ड्रमला लावू नका, त्यांचे तंतू हेडमध्ये अडकतात. टेप ओढणाऱ्या धातूच्या दांड्यासाठी त्या चालतील. सफाईनंतर पहिली कॅसेट अशी लावा की जी खराब झाली तरी हळहळ वाटणार नाही.

रेकॉर्डिंगसाठी ॲनालॉग इनपुट असलेलं यूएसबी कॅप्चर उपकरण लागतं. व्हीसीआरच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिना थेट त्यात जोडा. व्हीसीआरला एस-व्हिडिओ असेल तर पिवळीऐवजी ती वायर वापरा, रंगांच्या कडा स्वच्छ येतात. ॲनालॉगचं एचडीएमआय करून देणारी छोटी डबी मात्र मध्ये घालू नका. ती चित्र स्वतःच्या मनाने मोठं करते, फील्ड (प्रत्येक फ्रेमची दोन अर्धी चित्रं) एकत्र कालवते, आणि हे नंतर दुरुस्त करता येत नाही.

सेटिंग टेपच्या पद्धतीप्रमाणे ठेवा. पाल (भारतातली टीव्हीची पद्धत) असेल तर ७२० × ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी (अमेरिका, जपानमधली) असेल तर ७२० × ४८० आणि २९.९७ फ्रेम. आवाज ४८,००० हर्ट्झ. चित्र इंटरलेस्डच, म्हणजे अर्ध्या चित्रांच्या रूपातच, साठवा. पालमधल्या २५ फ्रेम म्हणजे प्रत्यक्षात ५० अर्धी चित्रं असतात आणि हालचालीचा सगळा गुळगुळीतपणा त्या ५० मध्ये असतो. हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस कोडेकमध्ये (चित्रातलं काही न गमावता साठवणाऱ्या पद्धतीत) तासाला साधारण २५ ते ३५ जीबी जागा जाईल. डीव्ही या जुन्या डिजिटल कॅमकॉर्डरच्या पद्धतीत १३ जीबी पुरते. ही मूळ फाइल जपून ठेवायची. पाहण्यासाठीची प्रत वेगळी करा: अर्धी चित्रं पूर्ण करणाऱ्या यॅडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ फिल्टरने प्रत्येक फील्डची एक फ्रेम, म्हणजे सेकंदाला ५०, आणि मग फाइल लहान करणारा एच.२६४ कोडेक. हालचाल पुढे-मागे धक्के खात दिसली तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं, बहुतेक यूएसबी उपकरणांत वरचं.

दोन बिघाड हमखास भेटतात. पहिला, चित्राच्या उभ्या कडा लाटांसारख्या हलतात किंवा वरचा भाग एका बाजूला वाकतो. टेप ताणलेली असते, ड्रमचा वेग किंचित बदलत असतो, त्यामुळे प्रत्येक रेषा नेमक्या क्षणी सुरू होत नाही. याला टाइम बेस करेक्टर, म्हणजे रेषांची वेळ सावरणारी यंत्रणा, लागते. काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) व्हीसीआरमध्ये ती असतेच, आणि काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पुढे नेला तरी चित्र सावरतं. दुसरा, तासाभराने आवाज आणि ओठ जुळेनासे होतात. मधल्या फ्रेम गळाल्याची ही खूण. उपकरण यूएसबी हबमध्ये न लावता थेट संगणकाला लावा, फाइल आतल्या डिस्कवर घ्या, संगणक झोपणार नाही असं सेटिंग करा आणि त्या वेळात त्यावर दुसरं काही चालवू नका.

चित्राच्या तळाशी काही रेषा थरथरत्या दिसतील. तो बिघाड नव्हे. ड्रमवरचं एक हेड सोडून दुसरं सुरू होतं ती ही जागा आहे. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जायची. मूळ फाइलमध्ये ती राहू द्या. आणि चित्र ४:३ मध्येच ठेवा. ते ताणून रुंद पडदा भरला की माणसं बुटकी आणि जाड दिसतात.

हे काम पुढे ढकलू नका, असं आम्ही कळकळीने सांगतो. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. आता जी यंत्रं आहेत ती वापरलेली आहेत आणि त्यांच्यातले रबरी रोलर व पट्टे दरवर्षी कडक होत चालले आहेत.

प्रश्न: नव्या मोठ्या टीव्हीवर जुने सिनेमे रोजच्या मालिकेसारखे का दिसतात?

टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करतो म्हणून. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो, मालिका पूर्वापार ५० किंवा ६० फील्डच्या व्हिडिओवर. टीव्हीने २४ च्या मध्ये अंदाजाने फ्रेम भरल्या की सिनेमाची चाल व्हिडिओसारखी होते. वेगाने फिरणाऱ्या हाताभोवती कधीकधी पाणी हलल्यासारखं दिसतं, तिथे हा अंदाज चुकलेला असतो.

हे बंद करण्याचं सेटिंग चित्राच्या मेनूत असतं. सोनीत त्याचं नाव मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. फिल्ममेकर मोड असेल तर तो निवडला की ही आणि अशी इतर प्रक्रिया एकदम बंद होते. अनेकांची फसगत इथे होते: बऱ्याच टीव्हींत हे सेटिंग प्रत्येक इनपुटसाठी वेगळं साठवलं जातं. एचडीएमआयवर बंद केलं तरी टीव्हीतल्या ॲपमध्ये ते चालूच राहतं, म्हणून दोन्हीकडे तपासा.

बंद केल्यावर कॅमेरा सरकताना चित्र अडखळतंय असं वाटेल. ६० हर्ट्झच्या पडद्यावर २४ फ्रेम बसवताना एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, त्याचा हा परिणाम. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम पाचदा बसते आणि चाल सम राहते. खेळांच्या सामन्यांसाठी ही सोय थोडी चालू ठेवायला आमची हरकत नाही, सिनेमासाठी मात्र पूर्ण बंद.

प्रश्न: टेलिफोन लाइनवरून इंटरनेट जोडणारा डायल-अप मोडेम जोडताना तो विशिष्ट आवाज कशाचा यायचा? आणि नंतर तो थांबायचा का?

आवाज थांबत नसे, फक्त मोडेमचा स्पीकर बंद होत असे. जोडणी सुरू असताना काय चाललंय ते कानाला कळावं, व्यस्त लाइन किंवा चुकून उचललेला माणसाचा फोन ओळखता यावा, यासाठी स्पीकर तेवढ्यापुरता चालू ठेवलेला असे. ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आदेशांत ‘एम०’ जोडलं की तो पहिल्यापासून गप्प राही.

आधी नंबर फिरवल्याचे सूर. मग पलीकडच्या मोडेमचा २१०० हर्ट्झचा लांब सूर. तो ऐकून टेलिफोन यंत्रणा आपली प्रतिध्वनी दाबणारी सोय बंद करी, कारण ती चालू राहिली तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता येत नसे. नंतरचे तुटक सूर म्हणजे कोण कोणत्या वेगाने बोलू शकतं याची देवाणघेवाण आणि लाइनची चाचणी. शेवटचा खरखरीत फवारा म्हणजे लाइनमधला दोष मोजून तो भरून काढण्याचा सराव.

डायल-अपच्या वेगाची ५६ केबीपीएस (सेकंदाला ५६ हजार बिट) ही मर्यादाही टेलिफोनमधूनच आली. एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं. प्रत्येकी ७ बिट विश्वासाने वापरता येतात, म्हणून ५६,०००. प्रत्यक्षात ४० ते ५० मिळत, आणि ४ एमबीचं एक गाणं उतरवायला १२-१३ मिनिटं लागत. तेवढ्यात घरातल्या कुणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की लाइनची सगळी मापं बदलत आणि जोडणी तुटे.

प्रश्न: लहानपणी ब्राउझरमध्ये खेळलेले फ्लॅश गेम आणि जिओसिटीज या मोफत संकेतस्थळावर केलेलं स्वतःचं पान आता पाहता येईल का?

गेम बहुधा पाहता येतील. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनेच चित्रं चालवणं बंद केलं. जुना प्लेअर कुठूनतरी शोधून बसवू नका. त्याच्या नावाखाली मालवेअर फिरतं. रफल नावाचा मोफत एम्युलेटर (जुन्या प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्राम) घ्या आणि गेमची एसडब्ल्यूएफ फाइल त्यात उघडा. ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेच्या १ आणि २ आवृत्तीतले गेम सहसा चालतात, ३ मधले काही अडतात. गेम ‘लोडिंग’वरच थांबला तर त्याला मूळ सर्व्हरवरच्या आणखी फाइल हव्या आहेत. अशांसाठी फ्लॅशपॉइंट हा जतनप्रकल्प पाहा, त्यात त्या फाइलही सोबत ठेवलेल्या असतात.

जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ ला बंद झालं. पानाचा पूर्ण पत्ता आठवत असेल तर तो जुनी पानं जतन करणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि तारांकन दिलं तर त्याखाली जतन झालेल्या सगळ्या फाइलींची यादी मिळते. मुखपृष्ठ नसलं तरी आतली चित्रं अनेकदा तिथे सापडतात. पत्ता आठवत नसेल तर जुन्या ईमेलच्या खालची सही आणि मित्रांच्या पानांवरच्या दुव्यांच्या याद्या चाळा. पान मिळालं की लगेच आपल्या डिस्कवर उतरवा. त्यावरचा व्हिजिटर काउंटर आणि गेस्टबुक मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या सर्व्हरवर चालत, ते हाती लागण्याची आशा कमी.

प्रश्न: रिमोट बिघडला की टीव्ही, हे कसं ओळखावं?

मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट उजेड लुकलुकला तर रिमोट ठीक आहे, टीव्हीचा सेन्सर पाहा. मागचा कॅमेरा यासाठी चालेलच असं नाही, कारण त्यात अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर अधिक कडक असतो. एखादंच बटण दाद देत नसेल तर रिमोट उघडा आणि रबराखालचे काळे कार्बनचे ठिपके व त्यासमोरची पट्टी अल्कोहोलने पुसा. सेलमधून पांढरा क्षार बाहेर आला असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन संपर्काच्या पट्ट्या पुसा, मग अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला. नव्या रिमोटमध्ये बरीचशी बटणं ब्लूटूथने चालतात आणि कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही; तिथे चाचणी पॉवरच्या बटणावर करा, कारण ते सहसा अवरक्तच असतं.