लंडनहून एका दिवसात विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ : आईवडिलांना घेऊन ही बससहल करावी का?

सत्तरीच्या घरातील आईवडिलांना ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात दाखवणारी, मार्गदर्शकासह निघणारी बससहल घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर ‘घेऊ नये’ असे आहे, आणि ते देण्याचा मला थोडा जास्तच अधिकार आहे, कारण २०१६ च्या जूनमध्ये अशाच एका बसने माझ्या वडिलांना आणि मला बाथमध्ये सोडून दिले होते. सासरी आजही या प्रसंगाचा उल्लेख ‘बाबांनी बस चुकवली’ असाच होतो, आणि हे वाक्य मला मान्य नाही.

आम्ही तेव्हा रेडिंगला राहत होतो. सांगलीहून माझे आईवडील आणि पुण्याहून मोठे दीर व जाऊबाई एकाच वेळी आले होते. भाऊजींनी पुण्यातूनच पाच जणांची तिकिटे काढून ठेवली होती. त्यामुळे पहाटे रेडिंगहून आगगाडीने पूर्वेला लंडनला जायचे, तेथून बसने पुन्हा पश्चिमेला यायचे आणि रात्री हाच द्राविडी प्राणायाम उलट दिशेने करायचा, असा बेत ठरला. तीन स्थळे एका दिवसात होणार, याचे भाऊजींना फार अप्रूप होते.

विंडसरविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही, कारण तेथला निम्मा वेळ रांगेत गेला. स्टोनहेंजला बस जेथे थांबते तेथून ते प्राचीन उभे दगड सुमारे दोन किलोमीटर दूर आहेत आणि तेथवर दुसऱ्या लहान बसने जावे लागते, हे आम्हाला तेथे पोहोचल्यावर कळले. मार्गदर्शक बाई मात्र चांगल्या होत्या. त्यांतले लहान, निळसर दगड वेल्समधील प्रेसेली टेकड्यांतून, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरवरून आणलेले आहेत, हे त्यांनी बसमध्येच सांगितले होते. बाबांचे लक्ष दुसरीकडेच होते. सर्वांत उंच उभ्या दगडाच्या माथ्यावर एक उंचवटा दिसतो. वर आडवा ठेवलेला दगड सरकू नये म्हणून ती खुंटी कोरलेली होती आणि आडव्या दगडात तिच्यासाठी खाच होती. ‘अरे, हा तर सुताराचा सांधा आहे, दगडात केलेला,’ असे म्हणून ते त्या उंचवट्याकडे पाहत राहिले. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी लाकडातले कसब दगडात उतरवले, ही गोष्ट कोणीही न सांगता त्यांना दिसली होती, आणि तेवढ्यात परत फिरण्याची वेळ झाली.

बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले होते, हे येथे सांगायला हवे. बाथला आम्हाला सव्वा तास मिळाला. रोमन स्नानगृहांचे तिकीट सहलीत धरलेले नव्हते, ते आम्ही दोघांनी वेगळे काढले. बाकीचे तिघे बाजारात गेले. आत एके ठिकाणी झऱ्याचे जास्तीचे पाणी रोमनांनी बांधलेल्या कमानीतून खाली पडते. लोहामुळे तेथला दगड नारिंगी झाला आहे आणि वाफ सतत वर येत असते. ‘हा सांडवा आहे,’ बाबा म्हणाले. रोज ११,७०,००० लिटर पाणी ४६ अंश तापमानाने वर येते, असे वाचताच त्यांनी खिशातून पेन काढून तिकिटाच्या पाठीवर भागाकार केला : सेकंदाला साडेतेरा लिटर. हे पाणी वाहून नेणारा रोमन नाला आजही एव्हन नदीपर्यंत काम करतो, हे कळल्यावर तर ते तेथून हलेनात. वज्रेश्वरीची कुंडे त्यांनी पाहिलेली होती, गरम पाण्याचे त्यांना नवल नव्हते. वापरून उरलेल्या पाण्याची सोय ज्यांनी आधी केली आणि ती इतकी शतके टिकली, त्या माणसांचे त्यांना नवल वाटत होते. चाळीस वर्षे ज्यांनी चाऱ्या आणि मोऱ्या तपासल्या, त्यांना ‘चला, उशीर होतोय’ असे म्हणणे माझ्याने झाले नाही.

बस पाचला निघायची होती आणि आम्ही पाच वाजून आठ मिनिटांनी पोहोचलो. बस गेली होती. त्या बसमध्ये भाऊजी, जाऊबाई आणि माझी आईही होती. ‘मी चालकाला थांबायला सांगितले होते,’ असे भाऊजी आजही म्हणतात. सांगली स्थानकावर लाल गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून वाहकाला दहा मिनिटे थोपवून धरताना मी याच गृहस्थांना पाहिलेले आहे, त्यामुळे त्यांनी नेमके किती आग्रहाने सांगितले असेल, याविषयी माझे मत मी राखून ठेवते.

बाबा आणि मी बाथ स्पा स्थानकावर गेलो, आगगाडीत बसलो आणि सव्वा तासात रेडिंगला उतरलो. आमटी-भात करून, जेवून, बाबांनी आमच्या यजमानांना कागदावर सांडव्याचा छेद काढून दाखवल्यानंतरही बराच वेळ गेला, तेव्हा कुठे लंडनमार्गे परतलेली मंडळी दहाच्या सुमारास दारात उभी राहिली. आई दमून गेली होती. आता बस नक्की कोणाची चुकली, ते तुम्हीच ठरवा.

न्यायाने सांगायचे तर कोणासाठीही बस थांबणार नाही, असे तिकिटावर स्पष्ट छापलेले होते, आणि उरलेल्या चाळीसएक प्रवाशांच्या दृष्टीने तो नियम योग्यच आहे. तुमच्या आईवडिलांना स्थानकांवरचे जिने आणि गाड्या बदलणे झेपणार नसेल, तर बस सोयीची पडेल हेही खरे. तसे असेल तर निदान दिवस पाहून घ्या : विंडसरचा किल्ला सध्या मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो, आणि रविवारी तेथील सेंट जॉर्ज चॅपल पर्यटकांना पाहता येत नाही.

अन्यथा एका दिवशी एकच दिशा धरा. पॅडिंग्टनहून बाथला आगगाडीने सुमारे दीड तास लागतो. वॉटर्लूहून सॉल्झबरीलाही तेवढाच वेळ लागतो आणि त्या स्थानकावरून स्टोनहेंजला जाणारी बस मिळते. शिवाय सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे. परतीचे तिकीट मात्र एकाच ठरावीक गाडीचे काढू नका. ते स्वस्त पडते, पण ती गाडीही आठ मिनिटे थांबत नाही.