पाणबुडीतल्या हवेत पुतण्याला त्रास होईल का?

पुतण्या खानापूरच्या जंगलकाठच्या हवेत वाढलाय, पाणबुडीत गुदमरेल की काय, ही तुमची धास्ती समजते. पण तिथे ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. बाहेरच्या हवेत तो साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2007 मध्ये पाणबुड्यांसाठी सलग 90 दिवसांची मर्यादा 8,000 पीपीएम सुचवली, 24 तासांपुरती 25,000. अर्थात हे आकडे निरोगी, तपासून घेतलेल्या जवानांसाठी. आपल्या आजोबांना लावू नका. डिझेल पाणबुडीत बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की स्फोटाला ठिणगी पुरते. निपाणीची विडी मात्र त्याला घरीच ठेवायला सांगा.