मिनियान भरत नाही, तर सभा भरवायची कशी?

प्रश्न : आमचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. जुनी माणसं त्याला अजून मशीदच म्हणतात. मी निवृत्त शिक्षिका, वय ६३, २०१६ पासून मानद सेक्रेटरी. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत मात्र त्याआधीचे पाच विश्वस्त आहेत. मुकादम ८४ वर्षांचे, गावातच असतात. चौगुले २०१८ साली वारले. बाकीचे तिघं इस्राएलला कायमचे गेले. पुढच्या निवडणुका आम्ही घेतल्या, पण वर कळवलं कधीच नाही. आता त्या तिघांनी व्हिडिओ कॉलवर ठराव केला आहे : सिनेगॉगमागची ११ गुंठे बिनशेती जागा एका रिसॉर्टवाल्याला २९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची, आणि जुना सेफेर तोरा (तोरा या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) इस्राएलमधल्या अश्दोदच्या सिनेगॉगला पाठवायचा. मी हरकत घेतली तर म्हणतात, ‘इथं मिनियान (प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष) होत नाही, तर तुझी सभा कसली? नोंदीत तुझं नाव नाही आणि बाईची सही चालतही नाही.’ शिवाय छपरासाठी तिकडच्या आमच्या माणसांनी पाठवलेले ८५ हजार रुपये माझ्या बचत खात्यावर आहेत. मला राजीनामा द्यायचा आहे. देता येईल ना?

उत्तर : ताई, शालोम. राजीनाम्याचं शेवटी बोलू. आधी तुम्ही नक्की कुठे उभ्या आहात ते बघू, कारण जागा अडचणीची आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधल्या सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येत देऊळ, मठ, चर्च, अग्यारी यांच्या जोडीला ‘सिनेगॉग’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. त्यामुळे ‘आमची जमात छोटी, आमचं आम्ही बघू’ हे चालत नाही. त्याच कायद्यात ‘विश्वस्त’ या शब्दात ‘व्यवस्थापक’ही येतो, आणि व्यवस्थापक म्हणजे जो प्रत्यक्षात न्यासाची मालमत्ता सांभाळतो तो. किल्ली तुमच्याकडे, पावतीपुस्तक तुमच्याकडे, विजेचं बिल तुम्ही भरता. म्हणजे हक्क सांगायला गेलात तर नोंदीत तुमचं नाव नाही, आणि हिशेब मागायला कोणी आलं तर तुम्ही विश्वस्त! फुकट काम करणाऱ्या सेक्रेटऱ्यांची ही अवस्था मी देवळांच्या कमिट्यांत पाहिली, मशिदींच्या पाहिली, आता तुमच्यात पाहतोय.

हे दुरुस्त करणं हेच तुमचं पहिलं काम. जागा आणि तोरा दोन्ही त्यानेच वाचतील.

विश्वस्तांत बदल झाला की कलम २२ खाली ९० दिवसांत फेरफार अहवाल, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, दाखल करायचा असतो. तुमचे सगळे राहिले. घाबरू नका, पुरेसं कारण दाखवलं तर सहायक धर्मादाय आयुक्त उशीर माफ करू शकतात. थोडा खर्च भरायला लावतील. मात्र ‘माहीत नव्हतं’ एवढंच लिहू नका. कमिटीतली माणसं एकेक करून देश सोडून गेली, चौगुले वारले, दप्तर दोन घरांत विभागलं गेलं, हे तारखांसह लिहा. प्रत्येक निवडणुकीचा अहवाल वेगळा करा. सगळे बदल एकाच अर्जात कोंबलेली प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळलेली मी पाहिली आहेत. सोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, इतिवृत्ताची नक्कल, चौगुल्यांचा मृत्यूचा दाखला आणि नव्या विश्वस्तांची संमती लागेल. अहवालावर सही मुकादमांची घ्या. नोंदीतले इथे हजर असलेले विश्वस्त आता ते एकटेच.

तुम्ही पाठवलेले इतिवृत्ताचे फोटो मी सावकाश पाहिले. शाळेच्या हजेरीपटासारखं स्वच्छ अक्षर. दारफळणीच्या सणाला, म्हणजे यॉम किप्पूरच्या उपासाला, मुंबई-ठाण्याची माणसं येतात म्हणून दुसऱ्या दिवशी सभा ठेवायची ही तुमची पद्धत. एके ठिकाणी लिहिलंय : ‘हजर : पुरुष ४, मी धरून ५. मिनियान नसल्याने तोरा वाचला नाही. मागील हिशेब वाचून मंजूर.’ ताई, तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच या तीन वाक्यांत लिहून ठेवलंय. मिनियान प्रार्थनेसाठी, कोरम (गणपूर्ती) सभेसाठी. दहा पुरुष नसतील तर तोरा उघडायचा नाही हा तुमच्या धर्माचा नियम, त्यात कुठलंही कोर्ट पडणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ ने धार्मिक बाबींची व्यवस्था तुमच्या जमातीवर सोपवली आहे. पण मालमत्तेच्या कारभाराबद्दल तोच अनुच्छेद ‘कायद्यानुसार’ असं बजावतो. सभेला किती माणसं लागतात ते तुमच्या न्यासाची घटना, म्हणजे नियमावली, सांगते, आणि तुमच्या १९५३ च्या घटनेत कमिटीचा कोरम तीन आहे.

बाईच्या सहीचं म्हणाल तर घटनेतले शब्द आहेत ‘जमातीतील प्रत्येक सज्ञान वर्गणीदार इसम’. इसमात बाई येते. तिथे ‘पुरुष’ असतं तर मी वेगळा आणि लांबचा रस्ता सांगितला असता. तुमची निवड एकमताने झाली, त्या सभेला त्या तिघांतले दोघं हजर होते, त्यांच्या सह्या खाली आहेत. त्यानंतर कोणी ब्र काढलेला नाही. जागेला गिऱ्हाईक आल्यावर ही अडचण आठवली, तर अधिकारीही ते ओळखतात.

आता ते तिघं. मी त्यांना खलनायक मानत नाही. लांब गेलेल्या माणसाला गावाकडची रिकामी वास्तू ओझं वाटू लागते. पण कलम ४७ त्यांच्या विरोधात आहे. परवानगीशिवाय सलग सहा महिने भारताबाहेर राहिलेला किंवा कायम राहायला परदेशी गेलेला विश्वस्त काढून त्याच्या जागी दुसरा नेमावा, असा अर्ज न्यासाशी हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती करू शकते. तुम्ही करू शकता, मुकादम करू शकतात. भांडणाआधी मात्र तिघांना साधं पत्र लिहा : तुम्ही राजीनामा पाठवा, जमात तुमचे आभार मानील. त्यांनी तिथल्या नोटरीसमोर करून, अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी साक्षांकनाचा शिक्का) लावून पाठवला तर वर्षभराचं काम महिन्यात होईल. विश्वस्तपद गेलं म्हणून सभासदत्व जात नाही. वर्गणी भरत असतील तर ते सभासद आहेतच, म्हणून पुढच्या सभेची नोटीस त्यांनाही धाडा. नोटीस चुकवून घेतलेली सभा ही त्यांच्या वकिलाला आयती भेट ठरेल.

जागेचं उत्तर सोपं आहे. बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर पट्टा वैध नाही, मग ठराव व्हिडिओवर झालेला असो की तेव्यासमोर (तोरा वाचायच्या चौथऱ्यासमोर) उभं राहून केलेला असो. परवानगी मागितली तर मूल्यांकन, जाहिरात, दुसऱ्यांचे देकार, सगळं विचारलं जातं. रिसॉर्टवाल्याला हे एका पानाच्या पत्राने कळवा आणि पोच ठेवा. तो ‘मग ३५ महिन्यांचे करार करत राहू’ म्हणेल. त्याला होकार देऊ नका. कलम चुकवायचीच ती युक्ती आहे, आणि एकदा पक्कं बांधकाम उभं राहिलं की तारखा मोजत बसाल तुम्ही.

सेफेर तोराचं लिहिताना मला जरा जड जातंय. वाचायला दहा माणसं नाहीत, तर जिथे आहेत तिथे तो जावा, ही भावना मला खोटी वाटत नाही. पण तो कोणा एका घरचा नाही, न्यासाची जंगम मालमत्ता आहे. तुमच्या पत्रातून दिसतं की तो तुमच्या आजोबांच्या लहानपणीही तिथे होता, म्हणजे शंभरी ओलांडलेला असावा. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे ऐतिहासिक मोलाचं, ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर हातातल्या बॅगेत तो सापडला तर नेणारा अडकेल, आणि किल्ली देणाऱ्या तुम्हीही. तेव्हा आज संध्याकाळीच कपाट उघडा. मुकादम आणि आणखी एक माणूस साक्षीला घ्या. गुंडाळीचे, तिच्या लाकडी पेटीचे आणि वरच्या चांदीच्या रिम्मोनीमचे (शोभेच्या कळसांचे) फोटो काढा, चांदीचं वजन लिहा, तिघांनी सह्या करा. न्यासाने मालमत्तेची नोंदवही ठेवलीच पाहिजे असं विश्वस्त कायद्याचं कलम ३६-ब सांगतं. तुमच्याकडे ती नाही, तर ही तिची पहिली ओळ. कोणी तोरा हलवायच्या किंवा जागेवर पट्टा करायच्या बेतात आहे असं कानावर आलं, तर कलम ४१-ई खाली मनाई हुकूम मागता येतो. त्या दिवशी मला पत्र लिहीत बसू नका, सरळ फोन करा.

पैशाचं ऐकून मात्र मी कपाळाला हात लावला. पाठवणारे आज इस्राएलचे नागरिक असतील तर ती परदेशी देणगी आहे. माणूस तुमच्याच आळीत जन्मला होता हे विदेशी अभिदाय कायदा बघत नाही. तशी देणगी घ्यायला न्यासाला केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसा यावा लागतो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यात. तुमच्या बचत खात्यात नव्हे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम वेगळी, ती न्यासाच्या खात्यात घेता येते. म्हणून कोणाचे किती हे आधी सीएला दाखवा. तोवर एक रुपयाही खर्चू नका, कौलांसाठीही नाही. तुमच्या जागी मी असतो तर सीएच्या सल्ल्याने परदेशी नागरिकांची रक्कम आली त्या खात्यात परत धाडली असती. इथल्या छपरासाठी इथल्या माणसांकडे हात पसरावा. तुमच्या पावतीपुस्तकात दिव्याच्या तेलाला ५१ रुपये देणारे अजून आहेत.

आणि राजीनामा. द्या, पण आज नाही. चिठ्ठी लिहून किल्ली मुकादमांच्या उंबऱ्यावर ठेवली म्हणजे सुटलात असं होत नाही. हिशेब आणि दप्तर दुसऱ्याच्या हाती सोपवल्याशिवाय जबाबदारी संपत नाही. आज निघालात तर कागदावर मुकादम आणि ते तिघं, चारच उरतात, आणि चारांत बहुमत कोणाचं ते तुम्हीच मोजा. फेरफार मंजूर होऊ द्या, नवा सेक्रेटरी बसवा, वस्तू आणि वह्या यादी करून त्याच्या सहीनिशी द्या, मग खुशाल मोकळ्या व्हा. ठाण्याहून सणाला येणारा तुमचा भाचा हिशेबात चोख आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्याला या सणाला उपास सुटल्यावर जेवायला घालताना विचारा.

मुकादमांचा हात आता कापतो म्हणता, म्हणून सण येईपर्यंत थांबू नका. या आठवड्यात परिशिष्ट एकचा (न्यासाच्या सरकारी नोंदीचा) ताजा उतारा अलिबागच्या न्यास नोंदणी कार्यालयातून काढा आणि त्यांना घेऊन माझ्याकडे या. ऑफिस तळमजल्यावर आहे, जिना चढायचा नाही. घटनेची मूळ प्रत मात्र घरीच ठेवा, झेरॉक्स आणा.